नसांचे दुखणे आणि बी-६ची बेरीज

पायाला चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, अशा रात्री गेल्या सहा वर्षांत मी पुष्कळ काढल्या आहेत. ज्याने हे दुखणे भोगलेले नाही, त्याला त्याचा विक्षिप्तपणा समजावून सांगणे कठीण जाते. तळपायात टाचणी रुतली तर मला कळत नाही, पण त्याच तळपायावरून मऊ कापड सरकले की आग आग होते. बधिरपणा आणि वेदना एकाच जागी कशा नांदू शकतात, हे कोडे मलाही बरेच दिवस सुटले नव्हते. बातमी नेणारे तंतूच बिघडले, की खऱ्या बातम्या वाटेत हरवतात आणि न घडलेल्या गोष्टींच्या बातम्या मात्र मेंदूपर्यंत पोहोचतात, असे माझ्या न्यूरॉलॉजिस्टांनी सांगितले, तेव्हा कुठे उलगडा झाला. सर्वांत लांब नसा पायांकडे जातात, म्हणून अशा आजारात बहुधा मुंग्या आधी पायांच्या बोटांत सुरू होतात, मोजा चढवावा तशा वर सरकतात आणि हातांचा नंबर त्यानंतर लागतो.

माझ्या बाबतीत कारणे दोन निघाली. एक मधुमेह, आणि दुसरे त्याच मधुमेहासाठी अनेक वर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे घटलेले बी-१२. हे जीवनसत्त्व शरीरात शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारे एक प्रथिन आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, दोन्ही धड असावे लागतात. मेटफॉर्मिन या शोषणात अडथळा आणते, आणि आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर त्यांचाही तसाच परिणाम होऊ शकतो. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो, त्यामुळे तूट पडत असल्याचे लवकर लक्षात येत नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ साली मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ तपासण्याबाबत डॉक्टरांना स्पष्ट सूचना दिली. माझी तपासणी मात्र मुंग्या सुरू होऊन वर्ष उलटल्यावर झाली.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. बी-१२चे पहिले इंजेक्शन घेण्याआधी रक्ताचा नमुना द्यावा. एकदा इंजेक्शन घेतले की रक्तातली पातळी वर जाते आणि मूळची तूट किती होती, ती कशामुळे होती, याचा माग लावणे अवघड होऊन बसते. आहारातून बी-१२ कमी पडत असेल, तर पुढे गोळ्यांवरही भागते, पण जठरातले ते प्रथिनच तयार होत नसेल किंवा आतड्याचा तो भाग शस्त्रक्रियेत काढलेला असेल, तर उपचार बहुधा आयुष्यभर चालू ठेवावे लागतात. कारण ठाऊक नसेल तर "आता बरे वाटते" म्हणून इंजेक्शने थांबवायची की नाही, हे कोणत्या आधारावर ठरवणार? दुसरी सावधगिरी फॉलिक अॅसिडची. बी-१२ कमी असताना एकटे फॉलिक अॅसिड घेतले तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते.

वेदनेच्या औषधांकडे वळते. पॅरासिटामॉलने किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांनी हे दुखणे फारसे हलत नाही, हे मी दोन-तीन महिने व्यर्थ घालवून शिकले. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही अपस्माराच्या उपचारातही वापरली जाणारी औषधे, तर अॅमिट्रिप्टिलीन आणि ड्युलॉक्सेटीन ही नैराश्यावरची. पाकिटातली माहितीपत्रिका वाचून मला प्रथम धक्काच बसला होता. डॉक्टरांना माझे दुखणे मनाचे खेळ वाटते की काय, असा संशयही आला. वस्तुस्थिती एवढीच आहे की ही औषधे नसांमधल्या बेताल संदेशांचा जोर कमी करतात, आणि तो संदेश फेफऱ्याचा आहे की तळपायातल्या जळजळीचा, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, वेदना निम्म्याने कमी झालेला एक जादा रुग्ण मिळण्यासाठी प्रीगॅबालिन सुमारे आठ जणांना द्यावे लागते, तर अॅमिट्रिप्टिलीनच्या गटातली औषधे सुमारे चार जणांना. म्हणजे पहिल्या औषधाने गुण आला नाही, तर त्यात रुग्णाचा दोष नसतो, आणि डॉक्टरांचाही नसतो. मला स्वतःला प्रीगॅबालिनने वेदनेचा साधारण तिसरा हिस्सा कमी झाला. ऐकायला हे थोडे वाटेल, पण सलग पाच तास झोप लागणे म्हणजे काय, हे मला त्याआधी वर्षभर ठाऊक नव्हते.

या आरामाची किंमत गुंगी, तोल जाणे, घोट्यांवर सूज आणि वाढलेले वजन या रूपात मोजावी लागते. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही दोन्ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढले असेल तर डोस कमी करावा लागतो. मधुमेह्याने तर हे विसरताच कामा नये, कारण आज सोसणारा डोस दोन वर्षांनी जास्त ठरू शकतो. अॅमिट्रिप्टिलीनने तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होते, लघवी अडू शकते, आणि काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असणाऱ्यांनी ते आधी सांगितलेच पाहिजे. गॅबापेंटिन घेणाऱ्यांनी अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे पातळ औषध त्याच वेळी घेऊ नये, दोघांत दोन तासांचे अंतर राखावे, नाहीतर गॅबापेंटिनचे शोषण घटते.

खरा धोका एकट्या औषधाचा कमी आणि जोडीचा अधिक असतो. एकदा मला खोकला झाला. घरात पडून असलेली खोकल्याच्या औषधाची बाटली मी स्वतःच्या मनाने उघडली आणि रात्रीच्या प्रीगॅबालिनबरोबर दोन चमचे घेतले. त्या बाटलीत कोडीन हे अफूवर्गीय औषध होते. सकाळी मुलीने हाका मारमारूनही मी अर्धा तास नीट जागी होत नव्हते, आणि माझा श्वास फार संथ चालला होता, असे तिने नंतर सांगितले. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता, की गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ही अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर किंवा इतर गुंगी आणणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास श्वसन धोकादायकरीत्या मंदावू शकते, आणि वयस्कर माणसांत व फुप्फुसांचा विकार असणाऱ्यांत ही भीती जास्त असते. मद्यही त्याच यादीत येते. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची गोष्ट आणखी निराळी आहे. ते ड्युलॉक्सेटीन किंवा अॅमिट्रिप्टिलीन यांच्या जोडीला आले, तर थरथर, घाम, ताप आणि गोंधळलेपण अशी गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते, म्हणून दाताच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जातानाही आपल्या औषधांची पूर्ण यादी बरोबर हवी.

गोळ्या अचानक बंद करू नयेत, हेही मी अनुभवाने शिकले. प्रवासात स्ट्रिप घरी राहिली, आणि चार दिवस निद्रानाश, घाम, मळमळ आणि विनाकारण धास्ती यांत गेले. पाचव्या दिवशी जुना डोस मिळेपर्यंत, आपल्याला नवीनच काही आजार झाला आहे, अशी माझी खात्री झाली होती. औषध सोडायचे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू उतरवत न्यावे.

आता ज्या चुकीसाठी हे लिहायला घेतले, तिच्याकडे येते. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात बराच उतार पडला होता, पण दुसऱ्या वर्षी मुंग्या पुन्हा वाढल्या, हातांपर्यंत आल्या आणि अंधारात चालताना तोल जाऊ लागला. मी घाबरले, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केले, म्हणजे आणखी जीवनसत्त्वे सुरू केली. एका डॉक्टरांनी नसांसाठी कॅप्सूल दिली, दुसऱ्यांनी दर आठवड्याला बी-१, बी-६ आणि बी-१२ यांचे मिश्र इंजेक्शन सांगितले, थकव्यासाठी एक गोळी मी स्वतःच आणली, आणि रोजची मल्टिव्हिटॅमिन आधीपासून चालू होतीच. जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते, अपाय होत नाही, हा समज माझ्या मनात इतका पक्का होता, की यातले काहीही मी औषध म्हणून कोणाला सांगितलेच नाही.

न्यूरॉलॉजिस्टांनी सगळी पाकिटे टेबलावर मांडायला लावली आणि कागदावर एकच गोष्ट लिहायला सांगितली, पिरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, कशात किती आहे. कॅप्सूलमध्ये ५० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. थकव्याच्या गोळीत २०. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ३. रोजची बेरीज १२३ मिलीग्रॅम झाली, आणि इंजेक्शनमधले १०० आठवड्याला वेगळेच. प्रौढ माणसाची रोजची गरज दीड मिलीग्रॅमच्या आसपास असते.

बी-६ अती झाले तर ते स्वतःच संवेदनेच्या नसांना इजा करते. १९८३ साली अशा सात रुग्णांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले, ते रोज २ ते ६ ग्रॅम बी-६ घेत होते. पुढे त्याहून पुष्कळ कमी मात्रेतही असा त्रास झाल्याच्या नोंदी होत गेल्या. अमेरिकेत प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १०० मिलीग्रॅम मानली जाते, तर युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली ती १२ मिलीग्रॅमवर आणली. या दोन आकड्यांमधली तफावतच सांगते की तज्ज्ञांचेही एकमत नाही, पण माझी बेरीज दोन्ही रेषांच्या पलीकडे होती. लक्षणे मात्र हुबेहूब तीच, ज्यांच्यासाठी मी ते घेत होते. रक्तातले बी-६ तपासले, ते फार वाढलेले निघाले.

ते बंद केल्यावर लगेच बरे वाटेल, असे मी गृहीत धरले होते. उलट पहिले तीन आठवडे त्रास वाढला. बी-६ थांबवल्यानंतरही काही काळ लक्षणे पुढे सरकत राहू शकतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवले होते म्हणून मी धीर धरला, नाहीतर "बंद केल्यामुळेच बिघडले" असा निष्कर्ष काढून ती कॅप्सूल मी नक्की पुन्हा सुरू केली असती. हे वाचून कोणी आपले बी-६ परस्पर थांबवू नये, एवढे मात्र सांगते. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड घेणाऱ्यांना नसांच्या रक्षणासाठीच ते दिले जाते, तिथे त्याची गरज खरी असते आणि मात्राही बेताची असते.

आता मला केवळ बी-१२चे इंजेक्शन मिळते, मिश्र नाही. टोचून घेण्याच्या बाबतीत मी जरा किचकट रुग्ण झाले आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. सिरिंज आणि सुई माझ्यासमोर पाकिटातून काढलेली हवी. कुपीवरचे नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख मी चष्मा लावून वाचते. बी-१२ला प्रकाश सोसत नाही, म्हणून कुपी खिडकीत ठेवलेली दिसली तर मी विचारते. औषधाचा लाल रंग पाहून मात्र दचकू नये, तो बी-१२चा स्वतःचाच रंग आहे. इंजेक्शन मी दंडात घेते, कारण नितंबावर जागा चुकली तर पायाकडे जाणाऱ्या जाड नसेलाच सुई लागू शकते, आणि नसांच्या उपचारात नस दुखावून घेण्याइतका विनोद मला परवडणारा नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी ते टोचण्याआधीच सांगावे, कारण स्नायूत रक्त साकळू शकते, आणि काही बी-१२ इंजेक्शने त्वचेखालीही देता येतात. या औषधाची गंभीर अॅलर्जी विरळ असली तरी अशक्य नाही, म्हणून टोचल्यावर मी थोडा वेळ तिथेच बसते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, तर ते "सुईची भीती" म्हणून अंगावर काढायचे नसते.

ड जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनबद्दल थोडक्यात सांगते. ते बी-१२सारखे पाण्यात विरघळणारे नाही, चरबीत साठते, आणि एका कुपीत तीन किंवा सहा लाख युनिट असू शकतात. अशी इंजेक्शने तपासणीविना लागोपाठ घेतली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, सततची तहान, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल जाऊ शकते.

माझ्या औषधांची यादी आता एका पानावर मावते. प्रत्येक नावासमोर चार रकाने आहेत: कशासाठी, किती, कोणी सुरू केले आणि पुन्हा विचार कधी करायचा. चौथा रकाना रिकामा ठेवून मी कोणतेही औषध घरी आणत नाही. हातांच्या मुंग्या दहा महिन्यांत गेल्या, तळपायांची आग रात्री अजून असते, आणि अंघोळीचे पाणी मी पाय घालण्याआधी कोपर बुडवून पाहते. पुढची क्रिएटिनिनची तपासणी सहा आठवड्यांनी आहे. प्रीगॅबालिनच्या ओळीतला चौथा रकाना त्या दिवशी पुन्हा लिहायचा आहे.