जन्मतारखेला घड्याळ जोडू नका

पुण्यात बसून कोड लिहिताना यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साडेपाच तास मिळवले की वेळेचं काम संपलं, असं वाटायला लागतं. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच. अमेरिकेतल्या टीमबरोबरचा रात्री साडेआठचा कॉल मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेसातला येतो, तेवढीच काय ती गडबड. म्हणून कोडमध्ये ३३० मिनिटं बिनदिक्कत लिहिली जातात. रिव्ह्यूमध्ये हा आकडा दिसला की मी पुढे वाचतच नाही, आधी त्याबद्दल विचारते.

ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदींची एक सिस्टिम माझ्याकडे टेस्टिंगला होती. १० मार्च १९४४ ही जन्मतारीख भरली की स्क्रीनवर ९ मार्च दिसायची. १९४० ठीक, १९५० ठीक, मधलीच काही वर्षं बिघडलेली. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं तासभर पुढे केली होती. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात आपण यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतो आणि जगभरातले असे बदल टिपणाऱ्या टाइमझोन डेटाबेसमध्ये त्याची नोंद आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेने १० तारखेची मध्यरात्र बरोबर बदलून ९ तारखेचे १७:३० यूटीसी साठवले. दाखवणाऱ्या कोडने त्यात ३३० मिनिटं मिळवली. झाले रात्रीचे अकरा, तारीख ९.

त्या वर्षांपुरती ३९० मिनिटं मिळवू, असा उपाय पुढे आला. मला तो अजिबात मान्य नव्हता. जन्मतारखेत तास-मिनिटं नसतातच, मग टाइमझोन कशाला? जावात फक्त तारीख ठेवणारा लोकलडेट, डेटाबेसात डेट कॉलम, एपीआयमधून (दोन सिस्टिममधल्या देवाणघेवाणीत) साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. बदलायला काही उरलंच नाही की बिघडणार काय!

‘आज’ची गोष्ट वेगळी, तिथे टाइमझोन लागतोच. रात्री बारा ते पहाटे साडेपाच पुण्यात नवी तारीख असते, यूटीसीवरच्या सर्व्हरला मात्र कालचीच. आपण सकाळी दहा ते संध्याकाळी सात काम करतो तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच, त्यामुळे टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. म्हणून सिस्टिमचं घड्याळ कोडमध्ये थेट वाचू नये, वेळ सांगणारा क्लॉक बाहेरून द्यावा आणि टेस्टमध्ये हवी ती वेळ गोठवावी. माझी आवडती वेळ १ एप्रिल, पहाटे दोन. पुण्यात नवं आर्थिक वर्ष लागलेलं असतं, यूटीसीत अजून ३१ मार्च.

टेस्टमध्ये २९ फेब्रुवारी १९४४ हीसुद्धा घ्या. या तारखेत ८१ वर्षं मिळवली तर जावा २८ फेब्रुवारी २०२५ देतं. त्याच २८ तारखेला पूर्ण झालेली वर्षं मोजायला सांगितली तर ८० म्हणतं, ८१ होतात १ मार्चला. वयानुसार मिळणारा लाभ कोणत्या दिवशी सुरू करायचा, हा नियम क्लायंटकडून लेखी घ्यायला हवा. टेस्ट त्यानंतर लिहायची.