तुम्ही विचारलंत म्हणून : आधी बातम्या लावून बघा

"ताई, घरात एक छोटासा स्पीकर घ्यायचाय. वायरबियर नको. रेडिओपण लागला पाहिजे. कुठला घेऊ?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. कारखान्यात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत उभी होते तिथेही आला. मी यातली जाणकार वगैरे नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. पण चार वर्षांत आमच्या घरी तीन स्पीकर आणि एक इंटरनेट रेडिओ आला. एक स्पीकर भाच्याला दिला, एक मेला, आणि सगळ्यांच्या पावत्या माझ्या फायलीत आहेत. पावत्या जपणाऱ्या बाईला लोक उगाच हुशार समजतात.

मी उलट विचारते, "ऐकणार कोण?" समोरचा खट्टू होतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं.

आमच्याकडे ऐकणारे म्हणजे अण्णा, माझे वडील. वय ७८. आधी मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर पूर्व भागातल्या यंत्रमागांवर, अशी उभी हयात मागापुढे गेली. मागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वरचा. दोन हातांवर उभ्या माणसाशी बोलायचं तर खुणेनं किंवा कानाला तोंड लावून. त्या काळी कानात कापसाचा बोळासुद्धा कोणी घालत नव्हतं. अशा आवाजानं कान एकदम जात नाहीत, कडेनं झिजतात. आधी वरच्या पट्टीतलं जातं, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचं. म्हणून तो माणूस बहिरा वाटत नाही. हाक मारली की वळून बघतो, पण काय म्हटलं ते त्याला कळत नाही. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत राहतात, ते त्याला पोचतात. स, श, त, च, फ ही मंडळी वर राहतात, ती वाटेतच गळतात. 'सात' म्हटलं की अण्णांना मधला 'आ' ऐकू येतो; पुढं सात, आठ की साठ ते त्यांनी अंदाजानं ठरवायचं. आमच्या घरातली निम्मी भांडणं यावरची आहेत.

हे सगळं मला पहिला स्पीकर घेतल्यानंतर कळलं. नव्या पेठेतल्या दुकानदारानं तो काउंटरवर ठेवून एक धडधडीत गाणं लावलं आणि काचेखालची बिलं थरथरायला लागली. लाडवाच्या डब्याएवढ्या वस्तूतून एवढा आवाज! भाचा खूश, मीही खूश. घरी आणला, देवळीत ठेवला, फोन जोडला, बातम्या लावल्या. रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसा निवेदक बोलायला लागला. अण्णा पुढं वाकले, मग अजून पुढं वाकले आणि म्हणाले, "ह्यो काय बोललालाय?"

छोट्या स्पीकरच्या दोन्ही टोकांना जो गोल रबरी पडदा हलताना दिसतो ना, त्याला बहुतेक वेळा वायरच जोडलेली नसते. आतला खरा स्पीकर दोन इंचांचा. तो डब्यातली हवा ढकलतो आणि त्या हवेच्या धक्क्यानं हे पडदे हलतात. त्यातून खालच्या पट्टीतला घुमारा निघतो. युक्ती छान आहे, माझी तक्रार नाही. पण दुकानात घुमाराच विकला जातो, म्हणून बनवणारे तो चढवून देतात आणि बोलण्याचा आवाज त्याच्याखाली दबतो. त्यात आपण स्पीकर ठेवतो कोपऱ्यात किंवा देवळीत, तिथं दोन-तीन भिंती मिळून घुमारा अजून वाढवतात. देवळीतून काढून टेबलाच्या मध्यावर ठेवला तेव्हा निवेदक रांजणातून निदान बादलीत आला. शेवटी तो स्पीकर भाच्याकडे गेला. तिथं तो सुखात आहे.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं तेच गाणं लावलं. म्हटलं, "बातम्या लावा."

"मॅडम, स्पीकर घ्यायला आलाव की बातम्या ऐकायला?"

"बातम्याच ऐकायला."

त्यानं नाइलाजानं फोनवर बातम्या लावल्या. मी पाच पावलं मागं गेले, पाठ फिरवली आणि आकडे नीट कळतात का ते ऐकलं. आवाज निम्म्यावर आणायला लावला, परत ऐकलं. चार स्पीकर असे ऐकले. त्यातला सगळ्यात साधा दिसणारा, किमतीत तिसरा, तो बोलण्याला स्वच्छ निघाला. तुम्हीही असंच करा. गाणं सगळ्याच स्पीकरवर बरं वाटतं, कारण ते आपल्याला आधीच पाठ असतं. अनोळखी बातमीतला आकडा कळला तर तो स्पीकर खरा.

वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलनं चढतो; कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दसपट वॉट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला ५ ते १० वॉट पुष्कळ झाले. खोक्यावर चारशे, पाचशे असा आकडा 'पीएमपीओ'सकट (म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) छापलेला असेल तर तो वाचून हसायचं आणि खोकं ठेवून द्यायचं. ब्लूटूथ ५.० की ५.३ हेही तसंच, त्यानं आवाज सुधारत नाही.

ब्लूटूथची खरी अडचण निराळी आहे. तो स्पीकर स्वतः काहीच लावत नाही, फोन जे वाजवतो ते वाजवतो. म्हणजे घरात रेडिओ लागायला कोणाचा तरी फोन घरात पाहिजे. मी नऊला कामावर निघाले की गेटपाशी पोचेपर्यंत अण्णांचा रेडिओ बंद. ब्लूटूथची पोच मोकळ्यात दहा मीटरच्या आसपास, आणि आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंतीपलीकडे तर चारही नाही. रविवारी मी घरात असले तर बातम्यांच्या मधोमध माझा फोन वाजणार आणि मावशीचा आवाज स्पीकरमधून सगळ्या खोलीला ऐकू जाणार. एकदा ती अण्णांबद्दलच बोलत होती. ते मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

म्हणून मग इंटरनेट रेडिओ. हा फोनवर विसंबत नाही, घरातल्या वाय-फायवरून स्टेशन थेट उचलतो. वाय-फायवर चालणारे छोटे स्पीकरही हेच करतात, पण त्यातल्या पुष्कळांना हुकूम द्यायला परत फोनच लागतो किंवा तोंडानं सांगावं लागतं. भाच्यानं त्याचा बोलका स्पीकर दोन दिवस आमच्याकडे ठेवला होता. अण्णांनी घसा खाकरून सांगितलं, "ओ बाई, सोलापूर लावा." बाईंनी सोलापूरचं तापमान सांगितलं. अण्णांना ते ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं, बाईंनी परत तापमान सांगितलं. मी तिसऱ्या फेरीत प्लग काढला. शिवाय त्याला आधी खातं, पासवर्ड, फोन नंबर. पोस्टात लायसनचे पैसे भरून रेडिओ ऐकलेला माणूस हा. तो म्हणाला, आमच्या वेळी निदान शिक्का तरी मारून द्यायचे.

अण्णांना गोल फिरवायची खुंटी हवी होती आणि तीन स्टेशनं. आकाशवाणी सोलापूर, सकाळच्या प्रादेशिक बातम्यांसाठी पुणे, आणि विविध भारती. ती १९५७ साली सुरू झाली तेव्हा अण्णा दहा वर्षांचे होते, त्यामुळे त्यांना ती धाकट्या बहिणीसारखी वाटते. खुंटी, चार मोठी बटणं आणि आत एफएमसुद्धा असा रेडिओ नव्या पेठेत कोणाकडं नव्हता. "इंटरनेट रेडिओ म्हणजे फोनच की," असं तिघांनी सांगितलं. शेवटी ऑनलाइन मागवला. साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या तिप्पट पैसे गेले, हेही सांगून टाकते.

तो घेताना एक गोष्ट बघा, जी खोक्यावर लिहिलेली नसते. रेडिओला स्टेशनांचे इंटरनेटवरचे पत्ते कुठून कळतात? आत एक यादी असते, आणि ती यादी कुठंतरी दूरच्या सर्व्हरवर कोणीतरी सांभाळत असतं. स्टेशननं पत्ता बदलला की यादीत बदल होतो आणि आपल्याला कळतही नाही. पण यादी सांभाळणाऱ्यानंच दुकान बंद केलं तर? रेसिव्हा नावाची अशी एक सेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्या भरवशावरचे कितीतरी रेडिओ, यंत्र ठणठणीत असताना, मुके झाले. म्हणून स्टेशनचा पत्ता आपल्या हातानं घालता येतो का ते विचारा. आणि एफएम हवंच. लाइट गेली की राउटर जातो, राउटर गेला की इंटरनेट रेडिओ म्हणजे नुसती बॅटरी असलेली पेटी. अशा वेळी अण्णा खुंटी एफएमवर फिरवतात आणि मला बोलावतसुद्धा नाहीत. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मी नंतर लावला, पण वरच्या गल्लीतलीच वीज गेली तर इंटरनेटही कधीकधी जातं.

खर्चाची भीती मात्र बाळगू नका. १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट पाठवणारं) स्टेशन तासाला ५८ एमबी खातं. दिवसरात्र चोवीस तास चालू ठेवलं तरी दीड जीबीच्या आत.

वाय-फाय जोडताना अडलात तर बहुधा कारण एकच: यातल्या पुष्कळ रेडिओंना २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय कळतं, आणि राउटरवर ५ निवडलेलं असतं. दगडी भिंतींतून २.४ जास्त लांब जातं, तेव्हा तेच बरं.

रेडिओ आल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णांनी मला उठवलं. अण्णा मिलच्या भोंग्यावर वाढलेले. भोंगा झाला की घराबाहेर पाऊल, असं आयुष्य. भोंगे गेल्यावर त्यांनी तो मान रेडिओला दिला. निवेदिका वेळ सांगते तेव्हा अण्णा भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल ठेवून उभे असतात. त्या दिवशी त्यांनी जुना ट्रान्झिस्टर एफएमवर आणि नवा रेडिओ इंटरनेटवर, दोन्हीवर सोलापूर लावून ठेवलं होतं. ट्रान्झिस्टरमधल्या बाईंनी सात वाजल्याचं सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं स्टुलाजवळ उभे. मग नव्या रेडिओतल्या त्याच बाईंनी, त्याच आवाजात, परत सात वाजवले.

"अर्ध्या मिनिटाचं शिळं देतंय हे," अण्णा म्हणाले.

बरोबरच होतं. इंटरनेटवरून आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो आणि मधे खंड पडू नये म्हणून रेडिओ काही सेकंदांचा साठा आधी करून ठेवतो. त्यामुळे तो नेहमी थोडा मागं असतो, कधी दहा सेकंद, कधी चाळीस. क्रिकेट ऐकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, शेजारचे आधी ओरडतील. अण्णांनी त्यातून मार्ग काढला. घड्याळ ट्रान्झिस्टरवर लावायचं, पुण्याच्या बातम्या नव्यावर ऐकायच्या.

मेलेल्या स्पीकरचं थोडक्यात. मे महिन्यात मी तो चार्जिंगला लावून पश्चिमेच्या खिडकीत विसरले. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि आपल्याकडे सावलीतच ४२-४३ असतं. संध्याकाळी बघते तर पोट फुगलेलं. चूक माझी. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबून बसवू नका, कचऱ्यातही टाकू नका.

तिसरा स्पीकर शेजारच्या अक्कांसाठी आणला. अक्का बिड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, पानं, दोरा, आणि दिवसाला हजार बिड्यांचा हिशेब. त्यांना हैदराबादची तेलुगू आकाशवाणी हवी होती. लहानपणी रात्री त्यांच्या घरी मीडियम वेव्हवर लागायची, कारण त्या लहरी रात्रीच्याच लांब पोचतात. आता ते स्टेशन प्रसारभारतीच्या न्यूजऑनएअर अ‍ॅपवर दिवसाढवळ्या लागतं. पण तंबाखूचे हात फोनला कसे लावणार? महागडा रेडिओही परवडणारा नव्हता. मग त्यांच्या मुलाचा तडा गेलेला जुना फोन घेतला, सिम काढून टाकलं (सिम काढलं की फोन शहाणा होतो, मधे वाजत नाही), अ‍ॅप घातलं, तो वाय-फायवर कायमचा फळीवर बसवला आणि शेजारी हा स्पीकर. स्पीकरच्या डोक्यावर रबराचं एकच मोठं बटण आहे. अक्का सूप न हलवता कोपरानं ते दाबतात, हैदराबाद सुरू. परत कोपर, बंद.

तर एवढ्यात तुम्हाला सांगण्यासारखं सगळं सांगून झालं असतं. पण काल अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "त्याच्यातच विजयवाडा पण लागतंय का बघ की गं." बटण एकच आहे, कोपरही एकच रिकामं असतं. मी विचार करतेय.