आदी भांडी बोलली

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त काही लिहावे असे ठरवले, तेव्हा सर्वांत आधी आठवली ती आमच्या नववीच्या वर्गाने 1982-83 साली केलेली श्रुतिका. 1982 च्या जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता आणि पाटण खोऱ्यातील कितीतरी माणसे गावी परतली होती. वळकटी, ट्रंक आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन आलेले माझे चुलतेही त्यांतलेच. स्नेहसंमेलनासाठी ते यंत्र त्यांनी शाळेला वापरायला दिले.

विषय मराठीच्या बाईंनी सुचवला. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झालेला कोयनेचा भूकंप आमच्या घराघरांत रोज निघणारा विषय होता, पण वर्गातील बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. तेव्हा ज्यांनी तो सोसला त्यांचे बोलणे आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि त्यावरून श्रुतिका बांधायची, असे ठरले. हाताशी 60 मिनिटांची एकच कॅसेट होती.

गावातील एक आजी म्हणाल्या, “आदी भांडी बोलली रं, मग घर हाललं.” मी हे वाक्य वहीत ‘प्रथम भांड्यांचा आवाज झाला व नंतर घर हादरले’ असे उतरवले आणि शुद्धलेखनाच्या समाधानात बाईंना दाखवले. बाईंनी त्यावर रेघ मारली आणि आजींचे वाक्य जसेच्या तसे, ‘आदी’सकट, लिहून घ्यायला लावले. आकाशवाणीवर सकाळी 7 वाजून 5 मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांची भाषा हीच ऐकण्याजोगी मराठी, अशी माझी तोवर समजूत होती. निवेदन त्या भाषेत आणि आठवणी आमच्या खोऱ्याच्या बोलीत, ही बाईंनी केलेली वाटणी मला आजही योग्य वाटते.

भूकंपाच्या आवाजासाठी आम्ही आधी पत्रा हलवून पाहिला, पण आजींनी तो ऐकताच नाकारला. भूकंपाचा आवाज वरून येत नाही, तो पायाखालून येतो, हे त्यांनी आम्हांला सांगितले. मग टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवून शेजारी रिकामे जाते फिरवले, आणि त्या घरघरीत फळीवरची पितळी भांडी हळूच हलवली. त्या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप राखण्याची सोय होती, त्यामुळे बोलणे थांबले की ते बारीकसारीक आवाजही मोठे करून टिपत असे. घरघरीनंतरच्या शांततेत कौलांवरचा वारा आणि आमचे श्वास उतरले. तो दोष समजून आम्ही पुन्हा मुद्रण करायला निघालो होतो. बाईंनी थांबवले, आणि श्रुतिकेचा तोच सर्वांत खरा भाग ठरला.

मात्र एक चूक माझ्या हातून झाली आणि तिची हळहळ अजून आहे. कॅसेटच्या मागच्या कडेवरील छोट्या पट्ट्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही, हे मला ठाऊक नव्हते. तालमीच्या वेळी ‘प्ले’बरोबर ‘रेकॉर्ड’चे बटण दाबले गेले आणि आजींचे बोलणे पुसले. आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सारे सांगितले, पण यंत्राकडे पाहत, वाक्ये नीट पुरी करत. पहिल्या वेळचे मध्येच तुटणारे, पदराच्या टोकाशी थांबणारे बोलणे परत आले नाही. संमेलनात लाऊडस्पीकरवर लागले ते हे दुसरे बोलणे. जात्याची घरघर सुरू होताच बायकांच्या बाजूने कुणीतरी “अगं बाई!” म्हणाले आणि मग श्रुतिका संपेपर्यंत मंडपात कुणी हलले नाही.

ती कॅसेट, आता पट्ट्या तोडलेली, माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी तिची प्रत संगणकावर घेताना दोन मुद्रणांच्या मधल्या फटीत, जाते सुरू होण्याआधी, आजींच्या पहिल्या बोलण्यातला एकच शब्द शिल्लक सापडला. तो शब्द आहे, ‘आदी’.