जाम झालेल्या व्हाइसने घेतलेले सहा आठवडे

ओळखीच्या एका गृहस्थांनी अडगळ काढताना बिडाचा (ओतीव लोखंडाचा) एक जुना व्हाइस, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवला, तेव्हा त्याचे जबडे पूर्ण मिटलेले होते आणि दांडी फिरवून ते उघडत नव्हते. जबड्यांची रुंदी 100 मिलिमीटर आणि वजन बारा किलोच्या आसपास, म्हणजे घरगुती कामाला हवा तसाच तो होता. निळ्या रंगाचे पापुद्रे सुटलेले होते, त्यांखाली तपकिरी गंज होता आणि कडांवर हातोडीच्या घावांच्या खुणा होत्या. एक रविवार दिला की काम होईल, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात सहा आठवडे लागले, आणि त्यांतला पहिला आठवडा मी चुकीच्या जागी झटापट करण्यात घालवला.

व्हाइस जाम झाला आहे म्हणजे मुख्य स्क्रूचे आटे नटमध्ये गंजून धरले आहेत, असे मी काहीही न तपासता गृहीत धरले होते. त्यामुळे स्क्रूवर तेल सोडणे, दांडीला नळीचा लांब तुकडा चढवून जोर लावणे आणि न हलल्यास आणखी लांब नळी शोधणे असा माझा क्रम चालू होता. चौथ्या दिवशी ‘टक्’ असा आवाज झाला आणि स्क्रू एकदम मोकळा फिरू लागला. मी आनंदाने तो पूर्ण बाहेर काढला. जबडा मात्र होता तिथेच राहिला. सरकत्या जबड्याच्या आतल्या बाजूला स्क्रूवर एक कडे बसवलेले असते आणि एक आडवी पिन त्या कड्याला स्क्रूशी बांधून ठेवते. स्क्रू बाहेर येताना हेच कडे जबड्याला बाहेर ओढते. जोर लावून मी ती पिनच तोडून टाकली होती.

बाहेर आलेल्या स्क्रूचे आटे जुन्या ग्रीसने माखलेले आणि जवळजवळ नव्यासारखे होते. अडकला होता तो सरकत्या जबड्यामागचा पोकळ चौकोनी दांडा, जो स्थिर भागाच्या पोकळीतून मागेपुढे सरकतो. तिथे गंज, लोखंडाचा कीस आणि रंगाचे थर मिळून घट्ट पाचर झाली होती. गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बंद फटीत तो आतल्या आत दाब वाढवत जातो. दांडी हलकेच दोन्हीकडे फिरवून पाहिली असती, तर स्क्रूला दोन्ही बाजूंना थोडी ढिलाई आहे, म्हणजे तो नटमध्ये अडकलेला नाही, हे एका मिनिटात कळले असते. मी मात्र आधी जोर लावला आणि मग निदान केले. बीड वाकत नाही, थेट तडकते. तुटली ती पिन आणि वाचले ते ओतीव अंग, हे माझे नशीब.

त्यानंतर मी घाई सोडली. गिअर बॉक्सचे पातळ तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात घेऊन केलेले मिश्रण फटीत दिवसातून दोनदा सोडत राहिलो. हे दोन्ही द्रव एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवावी लागते. शिवाय ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून हे मिश्रण वापरताना आसपास कोणतीही ज्योत नसावी. आठ दिवसांनी व्हाइस दोन दिवस उघड्यावर ठेवून ॲसिटोन पूर्ण उडून जाऊ दिले, वरचे तेल पुसून काढले आणि मगच गॅस टॉर्च हातात घेतला.

तापवण्यामागचा हिशेब साधा आहे. बिडाची 40 मिलिमीटर रुंदीची पोकळी 150 अंशांनी तापली, तर ती जेमतेम 0.06 ते 0.07 मिलिमीटरने रुंदावते. हा आकडा नगण्य वाटतो, पण गंजाचा थर तडकवून त्यात तेलाला वाट करून द्यायला तो पुरतो. अट एवढीच की बाहेरचे अंग तापले पाहिजे आणि आतला दांडा थंड राहिला पाहिजे. दोन्ही सारखे तापले तर फरक उरत नाही. मी ज्योत एका जागी न धरता चारी बाजूंनी फिरवत राहिलो, कारण एकाच ठिकाणी तापलेल्या बिडाला तडा जाण्याची शक्यता असते, आणि त्याच कारणाने त्यावर पाणी ओतण्याचा मोह टाळला. उरलेला जुना रंग जळू नये म्हणून तो आधीच ओला करून खरवडला होता. जुन्या रंगांत शिसे असू शकते, त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये आणि जाळूही नये.

जबडे मिटलेले असल्याने चौकोनी दांड्याचे मागचे टोक स्थिर भागाच्या मागे बाहेर डोकावत होते. त्याला कठीण लाकडाचा ठोकळा लावून मी मोठ्या हातोडीने मोजके ठोके दिले. पहिल्या दिवशी काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवून ठोकल्यावर पुढच्या फटीतून विटकरी भुकटी गळाली. त्या भुकटीचे मला किती अप्रूप वाटले हे सांगणे कठीण आहे. पुढे दांडा अर्धा मिलिमीटर पुढे, पुन्हा मागे, परत थोडा पुढे असा चार संध्याकाळी हलवत नेल्यावर जबडा एकदाचा सुटून हातात आला.

जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या प्रत्येकी दोन स्क्रूंनी बसवलेल्या होत्या. तीन स्क्रू ठोक्यावर फिरणाऱ्या इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हरने निघाले. चौथ्याची खाच मी आधीच लहान मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरून खाऊन टाकली होती, म्हणून त्याचे डोके ड्रिलने उडवावे लागले. डोके गेल्यावर पट्टी मोकळी झाली, स्क्रूचा खुंट थोडा बाहेर उरला आणि लॉकिंग प्लायरमध्ये पकडताच तो निमूटपणे फिरला. ताण डोक्याखालीच असतो, तो गेला की उरलेला भाग पुष्कळदा असा सहज निघतो.

गंज काढण्यासाठी मी विजेची पद्धत निवडली. प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात पाणी घेऊन चार लिटरला एक मोठा चमचा या प्रमाणात धुण्याचा सोडा विरघळवला, साफ करायचा भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडला आणि त्याच्याभोवती साध्या लोखंडाच्या सळ्या उभ्या करून त्या सर्व धन टोकाला जोडल्या. उलटी जोडणी केली तर आपलाच भाग झिजतो, म्हणून जोडणी दोनदा तपासली. सळ्या चहूबाजूंनी लागतात, कारण ज्या पृष्ठभागासमोर सळई असते तिथेच काम वेगाने होते. सळ्या स्टेनलेस स्टीलच्या असू नयेत, कारण त्यांतून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. जस्ताचा मुलामा असलेल्या सळ्याही टाळाव्यात. आणि सोड्याऐवजी मीठ तर कधीच घालू नये, कारण त्यातून क्लोरिन वायू निघू शकतो.

इथे एक गमतीशीर अडचण आली. माझा नवा स्वयंचलित चार्जर चालूच होईना. असे चार्जर समोर बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) जाणवल्याशिवाय प्रवाह सोडत नाहीत, आणि त्याच्या लेखी माझा टब बॅटरी नव्हता. अखेर ट्रान्सफॉर्मरचा जुना, जड, 12 व्होल्टचा चार्जर मागून आणला, तेव्हा भागावरून बारीक बुडबुडे उठू लागले. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, आणि हवेत तो 4 ते 75 टक्के असला तरी पेटू शकतो. त्यामुळे गॅरेजचे दार पूर्ण उघडे ठेवले आणि चिमटे काढण्याआधी दर वेळी चार्जर भिंतीवरच्या बटणाने बंद केला. कानसून किंवा आम्लात बुडवून गंज काढताना चांगले लोखंडही थोडे जाते. या पद्धतीत मात्र ते शाबूत राहते, आणि वेळ विसरला तरी बिघडत नाही. वीस तासांनी गंजाच्या जागी काळा चिखल जमला होता आणि तो तारेच्या ब्रशने नळाखाली सहज निघाला.

राखाडी, स्वच्छ बीड पाहून मी एवढा खूश झालो की ते तसेच ओले ठेवून हात धुवायला गेलो. अर्ध्या तासाने परतलो तेव्हा सगळ्या अंगावर नारिंगी झाक चढली होती. नुकत्या उघड्या पडलेल्या लोखंडाला पाणी आणि हवा एवढेच पुरते. सगळा भाग पुन्हा टबात गेला. दुसऱ्या वेळी तो कढत पाण्याने धुतला, म्हणजे धातू गरम होऊन पाणी स्वतःच उडते, लगेच केस वाळवण्याच्या यंत्राने खाचाखोचा कोरड्या केल्या आणि सरकणाऱ्या पृष्ठभागांवर तेल चोळले.

रंगकामाबद्दल फार सांगण्यासारखे नाही: रेड ऑक्साइडचे अस्तर, त्यावर गडद राखाडी रंगाचे दोन हात. चौकोनी दांड्यावर आणि पोकळीच्या आत रंग जाऊ नये म्हणून कागद चिकटवला होता, तरी एका कडेला तो झिरपलाच आणि जुळणी करताना जबडा पुन्हा अडला. तेवढी कड खरवडून काढली. कड्यासाठी नवी पिन साध्या, मऊ पोलादाची केली. कठीण पोलादाची पिन तुटणार नाही हे खरे, पण मग पुढच्या वेळी कोणी नळी चढवली तर तुटायला बिडाशिवाय काही उरणार नाही. घावांच्या जुन्या खुणा कानसून सपाट करण्याचा विचार मी सोडून दिला. त्या तिथेच आहेत.

जुळणीनंतर जबडे मिटवून त्यांत कागदाची पट्टी धरून पाहिली. उजवीकडे ती घट्ट पकडली जाते, डावीकडे हलके ओढताच निसटते. आतली पोकळी डाव्या अंगाला थोडी झिजलेली असावी. पातळ पत्र्याची पाचर घालून ते सुधारता येईल, पण तूर्त मी बारीक वस्तू उजव्या टोकाला धरतो. तुटलेल्या पिनचे दोन तुकडे दांडीजवळच्या डबीत ठेवले आहेत.