काका, ट्रॅक्टर रोडवर फोर व्हीलमधे चालवता का?

मी नाशिकमधे सेकंड हँड गाड्या तपासून देतो, घेणाऱ्याच्या बाजूने, विकणाऱ्याकडून एक रुपया घेत नाही. रोज स्विफ्ट, वॅगनआर, बोलेरो हेच चालू असतं, त्यामुळे फोर बाय फोरची (चारही चाकांना इंजिनची ताकद जाणाऱ्या गाडीची) केस आली की वेगळाच हुरूप येतो. मागच्या जुलैतली ही केस तर अजून डोक्यातून जात नाही.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार काका आणि त्यांची मुलगी. ताई जनावरांच्या डॉक्टर, ड्यूटी पेठ तालुक्यात, राहायला नाशिकला. म्हणजे रोज जाऊन येऊन शंभरेक किलोमीटर, मधे घाट, आणि पावसाळ्यात पेठकडे काय पाऊस कोसळतो ते नाशिककरांना सांगायला नको. आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसात कुणाचा बैल खाली बसला की मग वेळ काळ नाही, पाड्यावर जावंच लागतं. काकांचं एकच, "पोरीला फोर बाय फोरच पाहिजे, दणकट."

सकाळी एका यार्डात गेलो. मोठी डिझेल गाडी, ट्रकसारख्या लोखंडी सांगाड्यावरची (लॅडर फ्रेमवाली), डॅशबोर्डवर 2H, 4H, 4L चा नॉब, म्हणजे दोन चाकं, चारही चाकं, आणि चारही चाकं लो रेंजमधे (कमी वेग, जास्त जोर). पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती, यार्डातले पेव्हर ब्लॉक कोरडे ठाक. तिथल्या पोराने 4H लावलं, स्टिअरिंग पूर्ण फिरवून गोल चक्कर मारली आणि गाडी अशी अडखळत फिरली की मागून कुणीतरी धरून ठेवलंय, टायर चिरचिर वाजतायत, आणि तो म्हणतो "बघा काका, चारी चाकं कशी पकड घेतात!" काका एकदम खूश. मला मात्र पोटात कालवलं, कारण ती पकड नव्हती, आतले शाफ्ट आणि गिअर पिळले जात होते.

आता हे काकांना समजवायचं कसं? त्यांच्या बागेत ब्लोअर ओढायला छोटा फोर व्हील ट्रॅक्टर असणार असा अंदाज होता, म्हणून विचारलं, "काका, ट्रॅक्टर डांबरी रोडवर फोर व्हीलमधे चालवता का?" काका लगेच, "छे, पुढचे टायर खातो ना, लिव्हर काढूनच आणायचा." म्हटलं तेच आहे हे. पार्ट टाइम फोर बाय फोरमधे, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडायच्या गाडीत, 4H लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं. वळताना पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा मोठा फेरा पडतो. चिखलात, मुरमात चाक जरा घसरून तो फरक सोडून देतं, कोरड्या रोडवर घसरायला जागाच नाही मग ताण सगळा आत. काका गप्प झाले आणि ताईंनी वही काढली.

मग टायर बघितले. पुढचे दोन नवे कोरे, मागचे झिजलेले. 235/65 R17 चा नवा टायर एका फेरीत साधारण 2316 मिलिमीटर जातो, 6 मिलिमीटर झिजला की 2278. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा मागची चाकं दर किलोमीटरला 7 फेऱ्या जास्त मारणार! कुणीतरी विकायच्या आधी दोन टायर टाकून गाडी चकाचक केली होती. 4L ला गाडी थांबवून, न्यूट्रल करून तीनदा नॉब फिरवला, थोडी पुढे ढकलूनही बघितलं, लाइट नुसता ब्लिंक करत राहिला, म्हणजे 4L लागलंच नाही. खाली झोपून पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट हलवला तर त्याच्या सांध्यात (क्रॉसमधे) प्ले, म्हणजे ढिलेपणा. पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा (ट्रान्सफर केसचा) फिलर प्लग उघडून बोट घातलं, ऑइल काळं आणि जळका वास. इथे मी सरळ "ही गाडी नको" म्हणालो. पार्ट टाइम सिस्टिम वाईट आहे असं अजिबात नाही, साधी आणि मजबूत असते, आणि लो रेंज म्हणजे खड्या उतारावर ब्रेक न दाबता गाडी मुंगीच्या पावलाने उतरते, ते सुख दुसऱ्या कशात नाही. पण ही गाडी कोरड्या रोडवर पिळून काढलेली होती.

ताईंना विचारलं की तुमची गाडी नेमकी कुठे अडते. त्या म्हणाल्या, शेवटचा दीड-दोन किलोमीटर तसाही चालतच जाते, रस्ताच नाही, भीती वाटते ती घाटाची, एक वळण ओलं, पुढचं कोरडं, कुठे माती वाहून आलेली. हे उत्तर ऐकलं आणि माझं नक्की झालं. असल्या रस्त्यावर 4H लावून ठेवता येत नाही, दर वळणाला कोण लावणार काढणार? तिथे एकतर मधे डिफरन्शियल असलेली फुल टाइम पाहिजे, 2009 ची पहिली फॉर्च्युनर तशी होती (2016 च्या नव्यात परत 2H-4H-4L आलं), नाहीतर ऑन डिमांड ऑल व्हील ड्राइव्ह (एडब्ल्यूडी), म्हणजे गरज पडली की मागच्या चाकांना आपोआप ताकद देणारी. फॉर्च्युनर बजेटच्या बाहेर.

दुपारी इंदिरानगरला एका रिटायर्ड काकांची डस्टर एडब्ल्यूडी बघितली. चारही टायर एकाच कंपनीचे, झीज सारखी, मागच्या डिफरन्शियलला ऑइलची गळती नाही. मालकांना सोबत घेऊन पेठ रोडला करंजाळीच्या अलीकडे एका लाल मातीच्या चढावर गेलो, तोवर पाऊस परत सुरू झालेला. ताईच चालवत होत्या. अर्ध्या चढावर थांबायला सांगितलं, 2WD मधे पुढची चाकं जागेवर फिरली, चिखल काचेपर्यंत. नॉब लॉकवर (मागची चाकंही जोडून ठेवणाऱ्या मोडवर) टाकला, मागून हलका धक्का जाणवला आणि गाडी सरळ वर. ताईंचे वडील मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, "चढली की गं."

तोटेही तिथेच सांगितले. लो रेंज नाही, पहिला गिअर खूप शॉर्ट आहे त्यावर भागवायचं. मागच्या चाकांना ताकद क्लचच्या प्लेटांमधून जाते, गाळात फार वेळ रेटलं की त्या तापतात, मग थांबायचंच. आणि टायर बदलायचे तर चारही.

गाडी घेतली त्यांनी. ऑगस्टमधे ताईंचा फोन, टायरला साइड कट गेलाय, दुकानदार एकच नवा टाकू म्हणतोय, बाकीचे तीन गेजने मोजून घेतलेत, 5 मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे, स्टेपनी त्याच साइजची आणि तेवढीच झिजलेली आहे, ती लावू का? म्हटलं लावा.