समुद्रसपाटी

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं मी घरी छातीठोकपणे सांगितलं होतं. दोष माझा नाही, शब्दाचा आहे. शाळेत पाठच करून घेतलं होतं, नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटर उंच. म्हणजे आम्ही वर आणि समुद्र खाली, सपाट. शिवाय आमच्याकडे सायकलवाल्याला चढ हवा तर सेमिनरी हिल्स, आणि फारच खुमखुमी आली तर रामटेकचा गड. एवढ्या भांडवलावर मी आणि माझा मित्र मांडव्याहून गणपतीपुळ्याला निघालो. पाच दिवस, डिसेंबर.

मुरूडपर्यंत लाज राहिली. आगरदांड्याला सायकली जंगलजेटीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत, चढवल्या, दिघीला उतरलो, आणि दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा तो शेखाडीचा रस्ता आला. उजव्या हाताला समुद्र, इतका जवळ की चष्म्यावर खार बसावा. मित्र म्हणाला, "अबे, हे तर आपल्या फुटाळा तलावासारखंच हाय, फक्त पलीकडचा काठ नाही." एवढं बोलण्याइतका दम तेव्हा होता.

बाणकोटची खाडी ओलांडली आणि खरं कोकण भेटलं. सह्याद्रीतून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री सरळ पश्चिमेला धावत येतात आणि जमीन चिरत समुद्राला मिळतात. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचं पठार, उघडं, तापलेलं. गाव मात्र खाली, नारळी-पोफळीत. म्हणजे रस्त्यानं करायचं काय? गावासाठी खाली उतरायचं, पुढच्या सड्यासाठी वर चढायचं. अर्ध्या तासात घाम गाळून कमावलेली उंची पुढचा उतार चार मिनिटांत उधळून टाकतो, आणि खाली पोचलं की समोर पुन्हा तीच भिंत. आमचे 310 मीटर कसे आयते, बसल्या जागी मिळालेले! इथे दीडशेच, पण दिवसातून पाच वेळा.

चढाचं एकवेळ सोसलं, घामाचं नाही. नागपूरचा घाम शहाणा असतो. येतो, वाळतो, शर्टावर पांढरी रेघ सोडून जातो. इथला वाळेचना. हातमोजे पिळले तर पाणी निघायचं, आणि रात्री दोरीवर टाकलेला शर्ट सकाळी तसाच ओला अंगात घालायचा, शहारत.

वाट विचारायची सोय नव्हतीच. केळशीच्या अलीकडे अंगणात सुपाऱ्या वाळत घालणाऱ्या एका आजींना विचारलं, पुढे चढ आहे का? "छे हो, थोडीशी घाटी आहे. ती चढलात की आलंच." ती थोडीशी घाटी आम्ही सायकली हातात धरून चढलो. आणि वर काहीही आलेलं नव्हतं.

दाभोळ-धोपावे जेटीवर मात्र सुख लागलं. वाशिष्ठीच्या पाण्यावर काही न करता पुढे सरकायचं, हँडलवर नुसता हात ठेवून. पिशवीत उरलेलं एक संत्रं मी शेजारी उभ्या खलाशाला दिलं. त्यानं सोललं, चारच फोडी खाल्ल्या, उरलेलं पोरासाठी खिशात ठेवलं. "नागपूरचं?" म्हणाला. मला उगाच वाटलं, आता विचारेल, इतक्या लांबून सायकलनं कशाला? त्यानं विचारलं, "तिकडे खाडी नाही, मग पलीकडे कसं जाता?"

"सरळ जातो," मी म्हटलं.

त्याला हसू आलं. तेवढ्यात फळी खाली पडली, एक टेम्पो आधी उतरला, मागून आम्ही. धोपाव्याच्या धक्क्यावरून वर बघितलं. मित्रानं न बोलता गिअर सगळ्यात हलका केला.

घरी आल्यावर सायकल बाल्कनीत धुतली. चेन गंजली होती, दातऱ्यांत वाळू होती. काळ्या मातीचं पाणी निथळायची सवय असलेल्या फरशीवर तांबडं पाणी पसरलं आणि आतून आवाज आला, "काय होऊन राहिलं तिकडे? विटा धुतोस का?"