भट्टीत जळलेले सामान आणि प्रेरणादायी पुस्तक

गेली बरीच वर्षे मी कथा आणि कादंबऱ्याच लिहीत आले आहे. आता एखादे प्रेरणादायी पुस्तक लिहावे, म्हणजे काल्पनिक पात्राची ढाल पुढे न करता, खऱ्या माणसांविषयी, वाचणाऱ्याला उमेद वाटेल असे काही लिहावे, हा विचार काही महिने मनात घोळतो आहे. लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींपाशी तो बोलून दाखवला, तेव्हा काहींनी "म्हणजे आता खपणारे लिहिणार तर" असे म्हणून विषय मिटवला, आणि काहींना वाटले की प्रसंग नि संवाद रंगवण्याची सवय असलेल्या लेखिकेला हे काम म्हणजे हातचा मळ. पहिल्या म्हणण्यात तथ्य आहे. ही पुस्तके खपतात, आणि आपले पुस्तक खपू नये असे वाटणारा लेखक मला अद्याप भेटलेला नाही. दुसरे म्हणणे मात्र मला पटत नाही, कारण कथेत मुरलेला हात या कामात जितका उपयोगी पडेल तितकाच तो आडवाही येईल, असे मला वाटते.

या प्रकारच्या लेखनाचा जुना आणि ठळक नमुना म्हणजे सॅम्युएल स्माइल्स यांचे १८५९ साली निघालेले 'सेल्फ-हेल्प'. लीड्स शहरातील तरुण कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून ते आकाराला आले. चिकाटी, उद्योग, स्वावलंबन हे त्याचे विषय असले, तरी ते तरून जाते ते त्यातल्या माणसांमुळे. सोळाव्या शतकातील फ्रेंच कारागीर बर्नार पालिसी याची हकिकत मी पुनःपुन्हा वाचली आहे. मातीच्या भांड्यांवर काचेसारखा पांढरा लेप चढवण्याची रीत त्याला शोधून काढायची होती आणि त्यात त्याची वर्षेच्या वर्षे गेली होती. अखेरच्या प्रयत्नात भट्टी पेटलेली असताना सरपण संपले; तेव्हा त्याने आधी बागेचे कुंपण उपटून आत घातले, मग घरातले सामान मोडून घातले, मग फळ्याही घातल्या. बायकामुले घरातून बाहेर धावली आणि पालिसीला वेड लागले, तो सामान मोडून जाळतो आहे, असे ओरडत गावभर फिरली. आणि त्या शेवटच्या आचेने लेप वितळला.

प्रसंग असा सांगितला की वाचणारा सावरून बसतो. शंभर सुविचारांनी जे होत नाही ते मोडलेल्या टेबलाने होते. पण कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारखीची नजर भट्टीवर फार वेळ ठरत नाही. ती रस्त्याने ओरडत जाणाऱ्या त्या बाईमागे जाते. टेबल तिचेही होते. त्या रात्री मुलांना तिने कुठे बसवून जेवू घातले? त्याआधीच्या वर्षांत घरातल्या खर्चाला किती वेळा कात्री लागली? स्माइल्स यांच्या कथनात ती येते ती मुख्यतः अडथळा म्हणून, नवऱ्याची चिकाटी किती मोठी हे दाखवण्यापुरती. शिवाय ज्यांनी असेच सामान जाळले आणि ज्यांचा लेप वितळलाच नाही, त्यांच्या हकिकती कुठल्याच प्रेरणादायी पुस्तकात सापडत नाहीत. ते कारागीर पालिसीपेक्षा कमी चिवट होते, असे मानायला आधार काय? या प्रकारच्या लेखनात कादंबरीकाराने काही भर घालायचीच असेल, तर ती इथे घालता येईल असे मला वाटते. प्रसंग अधिक चुरचुरीत करणारे पुष्कळ आहेत. ज्याच्या जिद्दीचे बिल दुसऱ्या कुणीतरी भरले, त्याच्या गोष्टीत त्या दुसऱ्याला पानभर जागा देणारे थोडे आहेत.

अडचण आहे ती खरेपणाची, आणि ती वरवर दिसते तितकी सोपी नाही. महाभारताच्या स्त्रीपर्वात, पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर एक गोष्ट सांगतो. घोर अरण्यात वाट चुकलेला एक ब्राह्मण वेलींनी झाकलेल्या विहिरीत पडतो आणि वेलींच्या जाळ्यात उलटा लोंबकळत राहतो; खाली महासर्प, वर सहा तोंडांचा हत्ती, पांढरे आणि काळे उंदीर झाडाची मुळे कुरतडताहेत, आणि हा माणूस वरून ठिबकणारा मध चाटण्यात गुंग आहे. हीच कथा पुढे पिढ्यानपिढ्या देशोदेशी फिरली, आणि 'अॅना कारेनिना'सारखी कादंबरी लिहून झाल्यावर आयुष्याचा अर्थ काय या प्रश्नाने घेरलेल्या टॉलस्टॉय यांनी आपल्या आत्मपर निवेदनात तिचेच एक रूप वापरले. गोष्ट बाजूला ठेवून सरळ बोलायला निघालेल्या एवढ्या मोठ्या कादंबरीकाराला ऐन मोक्याच्या जागी गोष्टच आठवावी, याची मला गंमत वाटते. पण माझ्या कामाचा भाग त्यापुढचा आहे. गोष्ट ऐकून धृतराष्ट्र कळवळतो आणि विचारतो की तो माणूस राहतो ती जागा कुठे आहे, त्याची सुटका कशी करता येईल. विदुर त्याला क्षणभरही त्या समजुतीत ठेवत नाही. हे जाणत्यांनी दिलेले उपमान आहे, असे तो सांगतो आणि अरण्य म्हणजे संसार, उंदीर म्हणजे दिवसरात्र, असा एकेक अर्थ उलगडून दाखवतो.

माझ्या कादंबऱ्यांचे वाचकही तेच विचारतात, "ही बाई कुठे राहते?" कादंबरीच्या बाबतीत मी हसून सांगू शकते की ती कुठेच राहत नाही, तिघीचौघींची मिळून ती एक झाली आहे. प्रेरणादायी पुस्तकात ही सोय नाही. तिथे वाचक आपल्या आजारपणात, कर्जात किंवा एकटेपणात त्या माणसाचा हात धरू पाहत असतो, आणि तो माणूस प्रत्यक्षात होऊन गेला, यावरच त्याची भिस्त असते. जेम्स फ्राय यांचे व्यसनमुक्तीवरचे 'अ मिलियन लिटल पीसेस' २००३ साली आत्मकथन म्हणून निघाले आणि २००५ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांनी ते आपल्या वाचकमंडळासाठी निवडल्यावर त्याचा खप प्रचंड वाढला. जानेवारी २००६ मध्ये एका संकेतस्थळाने पोलिसांची कागदपत्रे काढून दाखवले की महिनोन्‌महिने तुरुंगात काढल्याचे जे वर्णन पुस्तकात होते, त्याच्या जागी प्रत्यक्षात काही तासांची कोठडी होती. पुढच्या आवृत्त्यांत खुलासा छापावा लागला आणि प्रकाशकाने वाचकांना पैसे परत देऊ केले. पुस्तकातले एकही वाक्य बदललेले नव्हते. कादंबरी म्हणून तीच वाक्ये कुणाला खुपली नसती.

माझ्यासारखीला मोह होईल तो असली थाप मारण्याचा नाही. तो फार बारीक जागी होईल. ज्या बाईविषयी पहिले प्रकरण लिहावे असे मनात आहे, ती माझी मावशी. पक्षाघाताने तिचा उजवा हात गेला आणि उतारवयात ती डाव्या हाताने लिहायला शिकली. तिच्या वह्या माझ्याकडे आहेत. ती आधी पट्टीने शिरोरेघ आखून घेई आणि मग त्या रेघेखाली एकेक अक्षर उतरवी. उजव्या हाताने लिहिताना रेघ शेवटी येते, तिने तो क्रमच उलटा केला होता. डाव्या हाताची कड ओल्या शाईवरून सरके, म्हणून सुरुवातीच्या पानांवर प्रत्येक ओळ पुसटलेली आहे. पुढे तिने शिसपेन्सिल धरली. वेलांट्या मात्र शेवटपर्यंत तिच्या ताब्यात आल्या नाहीत. कादंबरीत मी हे सारे एका पत्रापर्यंत नेले असते, दूरच्या भावाला तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या. प्रत्यक्षात असे पत्र नाही. वही अर्ध्यावर थांबते. त्यानंतर कागदपत्रांवर ती अंगठाच देत असे आणि त्याचे तिला विशेष दुःख असल्याचे मला कधी दिसले नाही. मग यात प्रेरणादायी काय, असा प्रश्न प्रकाशक विचारणारच. मला वाटते, यशाचा शेवट नसताना केलेली ती मेहनतच सांगण्याजोगी आहे, आणि वाचकांपैकी बहुतेकांच्या वह्या अर्ध्यावरच थांबलेल्या असतात. पण हे वाटणे तीनशे पाने तग धरते का, ते लिहूनच पाहावे लागेल.

काही गोष्टी मी ठरवून टाकल्या आहेत. दोन माणसांचे एक करायचे नाही. नाव बदलले तर बदलले आहे असे त्याच पानावर सांगायचे. संवाद मला जसा आठवतो तसा द्यायचा आणि आठवत नसेल तिथे अवतरणचिन्हे वापरायची नाहीत. हा नियम माझ्या हाताला सर्वांत जाचक ठरणार आहे, कारण संवाद ही माझी हुकमी जागा. "तुम्हीही हे करू शकता" या धर्तीचे वाक्य लिहायचे नाही. मी तसे कुणाला तोंडावर सांगणार नाही, मग छापून का सांगावे? पुस्तक दुसऱ्या नावाने काढण्याचा सल्लाही मिळाला आहे, म्हणजे कादंबरीचा वाचक बिथरणार नाही. तो मी मानलेला नाही. खरे लिहिते आहे असे म्हणायचे आणि मुखपृष्ठावर खोटे नाव घालायचे, हे मला जमणार नाही.

पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा मी मावसबहिणीला वाचायला दिला. आईच्या आजारपणात नोकरी सोडून घरी राहिली ती हीच, आणि माझ्या खर्ड्यात तिला चार ओळी मिळाल्या होत्या. तिने दोन बदल सुचवले. वह्या, पेन्सिली, पट्टी सगळे ती आणून देत असे आणि आई चिडून पुष्कळदा भिरकावून देत असे, ते यावे, हा पहिला. तो मी लगेच मान्य केला आणि प्रकरण त्यामुळे जवळजवळ नव्याने लिहावे लागते आहे. आईने तिला एकदा जे बोलून दाखवले ते मात्र गाळावे, असे तिचे म्हणणे आहे. ते वाक्य मला शब्दशः आठवते, आणि तिलाही. त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.